चूकभूल नसलेली नोटीस

आमच्या संस्थेचा जिना चढून जो कुणी वर येई, त्याला ती पहिला शब्द 'थांबा' असा म्हणायची. या नाही, बसा नाही, काय काम काढलंत नाही. थांबा. त्यावरून तिचं नाव थांबाताई पडलं आणि ते इतकं पक्कं बसलं, की मानधनाच्या यादीतलं तिचं खरं नाव वाचून अध्यक्षांनी एकदा मला विचारलं, "ही नवीन बाई कधी घेतली आपण?" तेव्हा तिला येऊन चार वर्षं झाली होती.

संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. भाडं थकलं, घरमालकानं जागा खाली करायला सांगितलं आणि जायला दुसरी जागा नाही, अशा कुटुंबाचं थकलेलं भाडं आम्ही भरतो. एकदाच भरतो, दुसऱ्यांदा नाही. पैसे कुटुंबाच्या हातात देत नाही, घरमालकाच्या नावानं चेक काढतो. कार्यालय म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, एक कपाट, जिन्याच्या तोंडाशी एक बाक. खालून दिवसभर ठोकठोक चाललेली असते आणि सोल्यूशनचा वास वर येत असतो. बाकावर बसलेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. दवाखान्यातल्या बाकावर माणसं अनोळखी माणसालासुद्धा आपला मूळव्याध सांगतात, पण थकलेलं भाडं कुणी कुणाला सांगत नाही.

मी संस्थेचा सेक्रेटरी. त्याआधी विमा कंपनीत बत्तीस वर्षं काढली. कागद नसेल तर अपघात झालाच नाही, असं मानायची ज्याला सवय लागली, त्याच्या हातात नियम लिहायचं काम दिल्यावर तो काय लिहिणार? तिसरा नियम माझा. घरमालकाची लेखी, तारखेसकट नोटीस असल्याशिवाय मदत नाही. त्याला कारणही होतं. पहिल्याच वर्षी एका पठ्ठ्यानं स्वतःच्या मेव्हण्याला घरमालक म्हणून उभं केलं, आम्ही चेक दिला आणि दोघांनी मिळून मोटरसायकल घेतली. तीवरून ते एकदा आमच्याच दारावरून गेले, हॉर्न वाजवत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो.

थांबाताईचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. "सामान बांधलंय का?"

हा काय प्रश्न झाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण बहुतेकांनी बांधलेलं असायचं. मुदत संपायला दहा-दहा दिवस असतात, आणि इकडे भांडी पोत्यात गेलेली, चादरींची गाठोडी झालेली, भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीच्या अभ्र्यात घातलेलं. कुणी बाहेर काढायच्या आधी आपणच निघालो म्हणजे लाज जरा कमी वाटते, असं काहीतरी असावं. थांबाताई म्हणायची, "गाठोडं दिसलं की घरमालकाला वाटतं, हे निघालेच. आणि खरं सांगू का, गाठोडं दिसलं की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं." मग ती त्यांच्याबरोबर घरी जायची आणि आधी घड्याळ परत भिंतीला लावायची. अर्ज, चेक, कमिटी वगैरे मागाहून.

घरमालकांकडे जाण्याचीही तिची एक पद्धत होती. तीनदा 'बसा' म्हटल्याशिवाय बसायची नाही. बसली की दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि समोरचा बोलेल ते ऐकायची. घरमालक आधी पैशांबद्दल बोलत, मग हळूच खऱ्या दुखण्यावर येत. "भाडं थकलं त्याचं एवढं नाही हो, पण जिन्यात दिसला की तोंड फिरवून जातो." निम्म्या घरमालकांची तक्रार हीच. थांबाताई भाडेकरूला सांगायची, "चेक येईल तेव्हा येईल. तू उद्यापासून जिन्यात नमस्कार घाल." तेवढ्यानं किती घरं वाचली याची नोंद आमच्याकडे नाही. माझ्या तक्त्यात नमस्काराचा रकाना नव्हता.

ऐकताना तिची बोटं टेबलाच्या कडेवर हलत असायची. ती समोरच्याचं बोलणं टाइप करत असे. जुनी सवय. एकतीस वर्षं ती एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती, आणि त्या वकिलाचा सगळा धंदा घरमालकांच्या नोटिशींचा. दिवसाला पाच-सहा तरी नोटिसा. ती मला म्हणाली होती, "मी अक्षरं टाइप करायचे. अर्थ साहेबांचा." एकदा तिनं एक नोटीस टाइप केली, पाकिटावर नाव-पत्ता घातला, तिकीट लावलं आणि घरी जाताना पेटीत टाकली. चार दिवसांनी तिची मावसबहीण तीच नोटीस हातात घेऊन दारात उभी. नाव बहिणीचं, पत्ता बहिणीचा, कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं हिची. बोटांना काही कळलं नव्हतं. बहीण अकरा महिने हिच्या घरी राहिली आणि गेली ती पुन्हा बोलली नाही. त्यानंतर महिनाभरात थांबाताई आमचा जिना चढून आली. निरोप म्हणून वकिलानं तिला तिचाच टाइपरायटर दिला होता. तो ती रिक्षातून घेऊन आली आणि दुसऱ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "पगार नको. द्यायचाच तर थोडा द्या."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं.

एका सोमवारी एक इस्त्रीवाली आली. थांबा म्हटल्यावर थांबली, सामान बांधलंय का विचारल्यावर म्हणाली, "नाही. कुणी जा म्हटलेलं नाही अजून." मग तिनं सांगितलं ते असं. नवरा रंगारी. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, पाच महिने खाटेवर. दोन मुली शाळेत. राहतात तळमजल्याच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी, खिडकीला लागून इस्त्रीचं टेबल, गिऱ्हाइकं खिडकीतूनच कपडे देतात नि नेतात. म्हणजे घर गेलं तर नुसतं छप्पर जाणार नव्हतं, खिडकी जाणार होती, आणि खिडकी गेली की धंदा गेला. भाडं तीन महिन्यांचं थकलेलं. घरमालक वरच्या मजल्यावर एकटे राहतात, म्हातारे आहेत, एका कारखान्यात स्टोअरकीपर होते.

"मग ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही म्हणत नाहीत. जिन्यात भेटले की तेच मान खाली घालतात."

"मग अडचण काय आहे?"

तिनं पदराच्या गाठीतून एक छोटी पुडी काढली. पुडीत गोळीचा अर्धा तुकडा होता. "त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. मागच्या आठवड्यातही असाच होता. भाड्यावरच त्यांचं भागतं साहेब. माझं भाडं नाही म्हणून ते गोळी अर्धी करून खातायत. ते कधी बोलायचे नाहीत. पण एक दिवस त्यांची मुलगी येईल आणि ती बोलेल."

बाई हुशार होती. पुढे काय होणार ते तिला आमच्या आधी कळलं होतं. मी मात्र समोरचा छापील अर्ज पाहत होतो. तिसरा रकाना रिकामा.

"नोटीस लागते," मी म्हटलं. "त्यांच्याकडून घर खाली करण्याची लेखी नोटीस आणा. लगेच करू."

"म्हणजे त्यांनी मला बाहेर काढलं, तर तुम्ही मला आत ठेवणार?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

थांबाताईची बोटं टेबलावर हलत होती. दुसऱ्या दिवशी ती टाइपरायटर रिक्षात घालून स्टोअरकीपरांकडे गेली. पुढचं मला तिनं नंतर सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात कधी एक शब्द कमी-जास्त नसतो.

स्टोअरकीपरांना हे सगळं पटेना. "त्या पोरीला घालवायची नाहीये मला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"माहीत आहे काका. म्हणून तर आलेय. हा नुसता कागद आहे. कागद गेला की चेक येईल, चेक आला की कागद संपला."

"नुसता कागद असं काही नसतं, बाई. मी चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. नुसत्या कागदावर अख्खी मोटार बाहेर जाते."

तरी ते राजी झाले. अर्धी गोळी तिनं टेबलावर ठेवली होती, ती बघून झाले असावेत. थांबाताईनं टाइपरायटर मांडला आणि नोटीस टाइप केली. पंधरा दिवसांची मुदत. मुदतीत संपूर्ण थकबाकी न भरल्यास भाडेकरार आपोआप संपेल. वेगळी सूचना दिली जाणार नाही. आणि शेवटी, मुदतीनंतर देऊ केलेली रक्कम स्वीकारण्याचं कोणतंही बंधन घरमालकावर राहणार नाही. हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. आमच्या नियमाला त्याची गरज नव्हती, म्हाताऱ्याला तर मुळीच नव्हती. ते तिच्या बोटांत होतं. एकतीस वर्षं प्रत्येक नोटीस त्याच वाक्यानं संपली होती, म्हणून हीसुद्धा संपली.

स्टोअरकीपरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "सगळं ठीक. खाली तेवढं चू.भू.द्या.घ्या. घाला."

ते सगळ्यावरच घालायचे. भाड्याच्या पावतीवर, दुधाच्या हिशेबावर, दाराला लावलेल्या 'बेल बंद आहे, कडी वाजवा' या चिठ्ठीवरसुद्धा खाली बारीक अक्षरात चूकभूल द्यावी घ्यावी. स्टोअरमध्ये कुठलीही यादी त्याशिवाय पुरी होत नसे.

"काका, नोटिशीत चूकभूल नसते," थांबाताई म्हणाली.

"का बरं? खरी गरज तिथंच."

ती हसली. त्यांनी पेन उघडून स्वतःच ते चार अक्षरांत लिहायला घेतलं, तेव्हा तिनं त्यांचा हात हलकेच धरला. "तसं लिहिलंत तर आमचे सेक्रेटरी म्हणतील, ही काय नोटीस आहे का? ते फार कागदवाले आहेत." त्यांनी पेन मिटलं नि नुसती सही केली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. माझ्याबद्दलचं तिचं मत अगदी बरोबर होतं. तो कागद तसा आला असता तर मी तेच म्हणालो असतो.

कमिटीनं अर्ज मंजूर केला. चेकवर दोन सह्या लागतात आणि आमचे खजिनदार नातवाच्या बारशाला गेले होते. ते आले, सही झाली, चेक तयार झाला तो नोटिशीच्या बाराव्या दिवशी. त्याच दिवशी सकाळी स्टोअरकीपर गेले. झोपेतच गेले. इस्त्रीवाली इस्त्री केलेले त्यांचे दोन सदरे घेऊन वर गेली आणि कडी वाजवत बसली.

मेलेल्या माणसाच्या नावाचा चेक म्हणजे रद्दी. दुसऱ्या कुणाच्या नावानं काढायचा म्हटलं तर कुणाच्या? मुलगी दूरच्या गावी. ती आली, तिसऱ्या दिवसाचे विधी झाले, कपाटं उघडली गेली, तोवर मुदतीचे पंधरा दिवस उलटून गेले होते. आणि कपाटात सगळ्यात वरच्या फाइलीत नोटीस. मुलीनं ती वाचली आणि इस्त्रीवालीला वर बोलावून सांगितलं, "बाबांनी तुम्हाला जायला सांगितलं होतं. मुदत संपली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. घर विकायचंय, घेणाऱ्याला रिकामं हवंय." नव्या चेकची गोष्ट काढताच तिनं कागदाच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

मी नोटिशीची नक्कल घेऊन आमच्या ओळखीच्या एका वकिलाकडे गेलो. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. म्हणाले, "कुणी केलीय ही? हल्ली इतकं स्वच्छ काम बघायला मिळत नाही. कुठे सुईसुद्धा शिरणार नाही."

ही पावती मी थांबाताईला तशीच्या तशी दिली. द्यायला नको होती. ती म्हणाली, "माझ्याच पायावर पाडला असता तर बरं होतं. हा धोंडा तिच्या पायावर पडला." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं बाकावरच्या माणसांना थांबा म्हटलं नाही. ती माणसं आपणहून थांबली.

दोन दिवसांनी सकाळीच ती माझ्या टेबलाशी आली. "मी त्या मुलीला खरं सांगणार आहे. नोटीस मी केली, कशासाठी केली, सगळं."

"आणि मग?" मी म्हणालो. "ती उद्या बाहेर सांगेल, की ही संस्था स्वतःच नोटिसा बनवते आणि स्वतःच मदत करते. देणगीदार काय म्हणतील? सहा वर्षांतल्या सगळ्या फाइली उघडतील. एका कुटुंबासाठी पुढच्या शंभरांचं नुकसान. जरा विचार करा, ताई."

माझं म्हणणं चूक नव्हतं. आजही मला त्यात हिशेबाची चूक सापडत नाही. ती म्हणाली, "पुढचे शंभर अजून जिना चढलेले नाहीत. ही चढून आली होती, आणि तिला जा म्हणणारं कुणी नव्हतं. ते आपण तयार केलं."

मी तिच्याबरोबर गेलो. तिला सोबत म्हणून गेलो असं मी कमिटीत सांगितलं. खरं म्हणजे तिला आवरायला गेलो होतो. इस्त्रीवालीच्या खिडकीवरून जाताना आत पाहिलं. इस्त्री चालू होती, पण मागच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता. थांबाताईनंही तो पाहिला. आत गेली नाही, सरळ जिना चढली.

स्टोअरकीपरांची मुलगी चाळिशीची, एका प्रयोगशाळेत तपासनीस. नऊ दिवसांच्या रजेवर आलेली आणि त्यातले सात संपलेले. खोलीभर खोकी. ती वाईट बाई नव्हती. थकली होती, आणि घराचा सौदा मोडू नये एवढंच तिला हवं होतं. तिनं तीनदा नाही, एकदाच बसा म्हटलं. थांबाताई उभीच राहिली.

"ही नोटीस तुमच्या वडिलांनी लिहिलेली नाही," ती म्हणाली. "मी लिहिली. त्यांना त्या बाईला घालवायचं नव्हतं. नोटीस असल्याशिवाय आमची संस्था भाडं भरत नाही, म्हणून मी त्यांना भरीला घातलं. शेवटचं वाक्यसुद्धा माझंच. ते त्यांना कळलंही नसेल."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सही बाबांची आहे."

"आहे."

"मग तुम्ही म्हणता म्हणून मी मानायचं? भाडेकरू राहावा म्हणून तुम्ही काहीही सांगाल. तुमचं कामच ते."

हे तिचं म्हणणं रास्त होतं. विमा कंपनीत मी हेच म्हटलं असतं. आमच्याकडे पुरावा काही नव्हता, आणि थांबाताईचा कागद तिच्याच विरुद्ध भक्कम उभा होता. मी निघायच्या तयारीनं उठलो.

"एक सांगायचं राहिलं," थांबाताई म्हणाली. "ते म्हणत होते, खाली चू.भू.द्या.घ्या. घाला. मी घालू दिलं नाही. ते स्वतः लिहायला लागले, तर मी त्यांचा हात धरला. माझं चुकलं. तेवढं मला त्यांना सांगायचं होतं, ते गेले. म्हणून तुम्हाला सांगितलं." आणि ती दाराकडे वळली.

"थांबा," मुलगी म्हणाली.

तिनं फाइलीतून नोटीस काढली आणि कागदाचा तळ पाहिला. मग ती खोक्यांपाशी गेली. प्रत्येक खोक्यावर स्टोअरकीपरांच्या अक्षरात यादी चिकटवलेली होती. दोरी दोन, बॅटरी एक, जुने चष्मे तीन. चू.भू.द्या.घ्या. गेले सात दिवस ती याच याद्या वाचत होती. तिनं पर्समधून एक घडी घातलेलं पत्र काढलं आणि आमच्यापुढे न धरता स्वतःच वाचलं, जरा मोठ्यानं. "चिरंजीव बाळीस, आज तुला एकेचाळिसावं लागलं. आनंदात राहा. चूकभूल द्यावी घ्यावी." मग म्हणाली, "मला चाळिसावं लागलं होतं. मी फोन करून त्यांना म्हटलं, बाबा, एक वर्ष जास्त धरलंत. ते म्हणाले, म्हणून तर खाली लिहून ठेवलंय."

ती हसली आणि हसता हसता खोक्यावर बसली. खालून इस्त्री टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, आणि आवाज एकदम कोरडा झाला. "घर मी विकणारच आहे. पण त्यांना आत ठेवून विकेन. किंमत कमी येईल, येऊ दे. तुमचा चेक माझ्या नावानं पाठवा, मी घेईन." थांबाताई काही म्हणणार तेवढ्यात तिनं हात वर केला. "आणि तुमच्याबद्दल मी तुमच्या अध्यक्षांना लिहिणार आहे. माझ्या वडिलांचा हात तुम्ही धरलात. शेवटच्या कागदावर त्यांना त्यांचं एवढंसं लिहू दिलं नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही."

"करू नका," थांबाताई म्हणाली.

खाली आल्यावर तिनं खिडकीत वाकून इस्त्रीवालीला सांगितलं, "घड्याळ लाव." एवढंच. इस्त्रीवालीनं इस्त्री आडवी ठेवली आणि तोंडाला पदर लावला. आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं?" तिला बोलता येईना, म्हणून मीच ओरडून सांगितलं. मी रस्त्यात उभं राहून ओरडण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ.

मुलीचं पत्र आठवड्यानं आलं. कमिटी बसली. अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, माणूस सरळ आहे. ते म्हणाले, "बाईंचं काम चांगलं. पण मदत द्यायला आपणच नोटीस बनवली, हे बाहेर गेलं तर आपण आणि तो मोटरसायकलवाला यात फरक काय?" राजीनामा घ्यावा असं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. मला खोकला आला. तिसरा नियम कुणाचा, हे कमिटीत कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. याची मला लाज वाटते. गेली दोन वर्षं वाटते आहे. कागदावर आज पहिल्यांदा लिहितो आहे.

नियम मात्र मी पुढच्याच बैठकीत खोडला. आता नोटीस लागत नाही. कुणीतरी घरी जाऊन बघून येतो, घरमालकाशी बोलतो, जिन्यात नमस्कार चालू आहे का विचारतो. या रीतीत फसवणूक जास्त होते. होऊ दे.

थांबाताईनं राजीनामा आमच्याच कार्यालयात, तिच्याच टाइपरायटरवर टाइप केला. मी समोर बसलो होतो. चार ओळी. समास सारखे, एक खाडाखोड नाही. कागद काढून तिनं सही केली, टाइपरायटरला झाकण घातलं आणि तो खालच्या चपलावाल्याच्या पोत्यात गुंडाळून घेऊन गेली. जाताना बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्यांना म्हणाली, "थांबा. हे साहेब बघतील तुमचं."

मी त्या जोडप्याचं काम बघितलं. त्यांचं सामान बांधलेलं होतं. मग संध्याकाळी फाइलला लावायला म्हणून राजीनामा हातात घेतला, तेव्हा दिसलं. सहीच्या खाली, पेननं, अगदी बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं, चू.भू.द्या.घ्या.

तो कागद मी फाइलला लावला नाही. माझ्या खणात आहे.